तुक्का : न मारणाऱ्या बाणाचा इतिहास

मराठीत ‘तुक्का’ या शब्दाला प्रतिष्ठा नाही. अभ्यास न करता परीक्षेत उत्तर बरोबर आले, तर तो तुक्का. एखाद्याचा अंदाज खरा ठरला आणि त्याचे श्रेय त्याला द्यायचे नसले, तरीही तो तुक्काच. शब्द आपल्याकडे उत्तरेतून आला. हिंदीत म्हण आहे, ‘लगा तो तीर, नहीं तो तुक्का’. म्हणीचा रोख आपल्याला चटकन कळतो, पण तिच्यातल्या दोन नामांकडे आपण नीट पाहत नाही. तीर म्हणजे बाण हे सगळ्यांना ठाऊक असते. तुक्का म्हणजेही बाणच, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ज्याला धारदार पाते नाही, पात्याच्या जागी नुसते बोथट बोंड आहे, असा बाण म्हणजे तुक्का. हिंदीच्या मोठ्या कोशांत हा अर्थ आधी येतो आणि ‘अंधारात मारलेला अंदाज’ हा अर्थ नंतर.

हा अर्थ वाचल्यापासून या शब्दाने माझा पिच्छा सोडला नाही. बोथट बाण कशासाठी असतो? हात बसवण्यासाठी, खेळासाठी, फार तर पाखरू पाडण्यासाठी. म्हणजे जी वस्तू नेमबाजीतला नशिबाचा वाटा कमी करण्यासाठी घडवली गेली, तिचेच नाव आपण नशिबाला देऊन बसलो. असे का झाले असावे, याचा माग काढताना मी शस्त्रांच्या इतिहासातल्या एका दुर्लक्षित वस्तूपाशी पोहोचलो. ती वस्तू म्हणजे सरावाच्या बाणाचे टोक. मारणाऱ्या टोकांवर ग्रंथ आहेत, संग्रहालयांत दालने आहेत. न मारणाऱ्या टोकाला कुणी इतिहासकार मिळाला नाही. या लेखापुरते मी त्याच्याकडे पाहणार आहे.

॰

आधी आजची गोष्ट, म्हणजे मागचे समजायला सोपे जाईल. लाकडी किंवा बांबूच्या दांडीचे बाण आणि एकसंध धनुष्य वापरणारे पारंपरिक तिरंदाज आजही जगभर आहेत. त्यांच्या सरावाच्या टोकाला इंग्रजीत ‘फील्ड पॉइंट’ म्हणतात. सपाट हिरवळीवर, मोजलेल्या अंतरावरून, वर्तुळे काढलेल्या फळ्यावर नेम धरणे ही एक पद्धत. झाडीतून, चढउतारावरून, न मोजलेल्या अंतरावरून नेम धरणे ही दुसरी, आणि तिला ‘फील्ड’ हे विशेषण लागते. अमेरिकेत 1939 साली या दुसऱ्या प्रकाराची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि नाव रूढ झाले. टोक दिसायला अगदी साधे. बोटाच्या पेराएवढा पोलादाचा तुकडा, मागे पोकळ, पुढे निमुळता. त्याला पाते नाही, काटा नाही, धार नाही.

पण हे साधे टोक निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वजन. ही वजने ग्रेनमध्ये मोजली जातात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. युरोपने बारीक वजनासाठी दाणा घेतला, आपण गुंज घेतली. ब्रिटिश अमलात तोळा 180 ग्रेनचा ठरवण्यात आला, त्यामुळे आपल्याला हिशेब सोपा जातो. बाजारात सर्रास मिळणारे टोक 100 किंवा 125 ग्रेनचे असते. 125 ग्रेन म्हणजे सुमारे 8.1 ग्रॅम, पाऊण तोळ्याला थोडे कमी. धनुष्याच्या ओढीच्या दर पौंडामागे आठ ते दहा ग्रेन वजनाचा बाण असावा, असा पारंपरिक तिरंदाजांचा ठोकताळा आहे. 45 पौंड ओढीच्या धनुष्याला दहाच्या हिशेबाने 450 ग्रेनचा, म्हणजे अडीच तोळ्यांचा बाण लागतो. त्यातला पाव हिस्सा एकट्या टोकाचा.

शिकारीच्या पात्याचे जे वजन, तेच सरावाच्या टोकाचे वजन, हा या निवडीतला मूळ नियम आहे. उत्पादकही दोन्ही प्रकार एकाच वजनाच्या पायऱ्यांत बनवतात, ते याचसाठी. टोक हलके घेतले तर बाण वेगळ्या वाटेने जातो, आणि मग महिनाभर बसवलेला हात खऱ्या बाणाच्या वेळी खोटा पडतो. मी टोके सोनाराकडच्या काट्यासारख्या बारीक काट्यावर तोलून घेतो. एकाच पाकिटातल्या डझनभर टोकांत दोन-तीन ग्रेनचा फरक सहज निघतो, म्हणून सारख्या वजनाची टोके एका भात्यात ठेवावी लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आकार. गोळीसारखे गुळगुळीत टोक गवताच्या पेंढीतून सहज निघते, पण झाडाच्या कुजक्या बुंध्यात खोल रुतते. म्हणून मोकळ्या रानातल्या सरावाला बारीक अणी आणि तिच्यामागे रुंद खांदा असलेले टोक बरे. अणी शिरते आणि खांदा अडवतो. गवतात नेम धरायचा असेल, तर टोकाला चार बाजूंनी तारेचे आकडे लावतात. त्यामुळे बाण गवताखाली सरपटत जाऊन हरवत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे बसवणी. लाकडी दांडीचे पुढचे टोक पाच अंशांच्या शंकूत तासतात, त्यावर गरम डिंक लावून पोलादी टोक चढवतात. टोक दांडीच्या जाडीचेच हवे. बारीक असले तर दांडीची कड उघडी राहून चिरते, आणि जाड असले तर पेंढीतून ओढताना अडकून निसटते. बसवल्यावर बाण नखावर उभा टेकवून भोवऱ्यासारखा फिरवायचा. नखाला थरथर जाणवली तर टोक तिरके बसले आहे असे समजायचे.

॰

वजनाचा आग्रह एवढा का, हे समजायला विसावे शतक उजाडावे लागले. धनुष्य सोडले की दोरी बाणाला मागून ढकलते, टोक मात्र आपल्या जडत्वामुळे जागचे हलायला तयार नसते. या दोहोंच्या मध्ये सापडलेली दांडी वाकते. ती धनुष्याला वळसा घालून पुढे जाते आणि काही अंतर माशासारखी सळसळत उडते. म्हणूनच धनुष्याच्या बाजूला टेकवलेला बाण तिरका न जाता सरळ जातो. 1930च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान चित्रणाने हे वाकणे डोळ्यांना दाखवले. टोक जड असेल तर दांडी जास्त वाकते, हलके असेल तर कमी. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण टोक फार जड झाले की उजवीकडे सरकतो आणि फार हलके झाले की डावीकडे. दोष हाताचा नसतो, टोकाचा असतो.

जुन्या तिरंदाजांकडे हे चित्रण नव्हते, परंतु परिणाम त्यांना रोज दिसत होता. तेव्हा प्रश्न असा पडतो की ज्या संस्कृतींनी हजारो वर्षे धनुष्य वापरले, त्यांच्या ग्रंथांत सरावाच्या टोकाबद्दल काय सापडते?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराध्यक्षाचा अध्याय आहे. दुसऱ्या अधिकरणातला हा अठरावा अध्याय म्हणजे सरकारी कोठाराची यादी. 1909 साली शामशास्त्रींनी हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि 1960 साली र. पं. कंगले यांच्या चिकित्सक आवृत्तीचा पहिला भाग मुंबई विद्यापीठाने काढला. या यादीत बाणांचे पाच प्रकार आहेत : वेणू, शर, शलाका, दंडासन आणि नाराच. पुढे टोकांची वर्गवारी येते, आणि ती फार नेमकी आहे. टोकांची कामे तीन : छेदन, भेदन आणि ताडन. टोकांची द्रव्येही तीन : लोखंड, हाड आणि लाकूड. कापायला रुंद पाते लागते, भेदायला सुईसारखी अणी लागते, हे उघड आहे. ताडन, म्हणजे नुसता ठोसा देणे, हे काम बोथट टोकाचे. कौटिल्याने ते सरावाचे आहे असे म्हटलेले नाही. पण लाकडी टोक आणि ताडन हे दोन्ही शब्द राजाच्या शस्त्रागाराच्या यादीत आहेत, ही गोष्ट मला मोलाची वाटते. ज्याला आपण पुढे तुक्का म्हणू लागलो, त्याचा पूर्वज इथे सरकारी मालमत्ता म्हणून नोंदलेला आहे.

यानंतर शार्ङ्गधरपद्धती घेऊ. 1363 सालच्या या सुभाषितसंग्रहात धनुर्वेदाचा स्वतंत्र भाग आहे. पीटर पीटरसन यांनी 1888 साली तो मुंबईत संपादून छापला. त्यात टोकांचे दहा आकार दिले आहेत : आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक आणि काकतुंड. नावांवरूनच चित्र उभे राहते. आरी, वस्तरा, गाईचे शेपूट, चंद्रकोर, सुई, वासराचा दात, कावळ्याची चोच. कर्णिक म्हणजे उलट काट्यांचे, शिरल्यावर बाहेर न निघणारे.

या परंपरेचा दुसरा पैलू सरावाचा, ज्याला धनुर्वेद ‘श्रम’ म्हणतो. लक्ष्य माणसाच्या उंचीचे असावे, त्यावर चंद्राकृती असावी. लक्ष्याचे चार प्रकार : स्थिर, चल, चलाचल आणि द्वयचल, म्हणजे कधी नेम धरणारा स्थिर, कधी लक्ष्य, कधी दोन्ही हलते. आणि बाणांची संख्या? दिवसाला 400 बाण सोडणारा उत्तम, 300 सोडणारा मध्यम, 200 सोडणारा कनिष्ठ.

या दोन याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. दिवसाला चारशे वेळा बाण लक्ष्यात घुसवायचा आणि चारशे वेळा बाहेर काढायचा. हे कर्णिकाने करता येईल का? उलट काट्याचा बाण पहिल्याच ओढीला लक्ष्य फाडेल किंवा टोक आत सोडून दांडी हातात देईल. क्षुरप्राने केले तर संध्याकाळपर्यंत पात्याची धार आणि लक्ष्याचा चंद्र दोन्ही संपतील. म्हणजे दहा नामवंत आकारांच्या मागे एक अकरावे टोक असलेच पाहिजे, गुळगुळीत, बिनधारेचे, सहज निघणारे. ते या दहांच्या यादीत नाही. रोजच्या वापरातल्या वस्तूंची नावे ग्रंथकार क्वचितच लिहून ठेवतात. स्वयंपाकाच्या पोथ्यांत पक्वान्ने सापडतात, पाट-वरवंटा सापडत नाही, तसेच हे.

महाभारतातही हीच विभागणी दिसते. द्रोणाचार्यांनी कारागिरांकडून कृत्रिम भास पक्षी करवून झाडाच्या शेंड्यावर बसवला, ही परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. त्या परीक्षेत अर्जुनाने तीक्ष्ण क्षुर बाणाने पक्ष्याचे मस्तक तोडले, असा उल्लेख आहे. परीक्षेच्या बाणाचे नाव कवीने सांगितले. परंतु त्याच आदिपर्वात त्याआधी आणखी एक प्रसंग येतो. जेवताना वाऱ्याने दिवा विझला, अंधारातही हात घासाला चुकला नाही, आणि तो अभ्यासाचा महिमा ओळखून अर्जुन रात्री सराव करू लागला. द्रोणांना ऐकू आला तो दोरीचा टणत्कार. या रात्रींतल्या बाणांना नाव नाही. पक्षी एकाच बाणाने पडला, पण त्या एका बाणाच्या मागे अंधारातले हे सगळे अनाम बाण होते. अर्जुनाचा नेम घडला तो त्यांनी.

॰

ग्रंथ गप्प राहिले तरी कायदा बोलतो, आणि त्यासाठी इंग्लंडकडे वळावे लागते. तिथे सराव हा राज्याच्या चिंतेचा विषय होता. योगायोग असा की ज्या 1363 सालची शार्ङ्गधरपद्धती, त्याच वर्षी तिसऱ्या एडवर्डने फर्मान काढले की धडधाकट पुरुषांनी सणासुदीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव करावा आणि चेंडू, कोंबड्यांच्या झुंजी असल्या करमणुकी सोडाव्यात. पुढे 1541 साली आठव्या हेन्रीच्या काळात झालेला कायदा जास्त बारकाईचा आहे. चोवीस वर्षांवरील पुरुषाने नेम धरण्याचे हलके बाण घेऊन 220 यार्डांपेक्षा, म्हणजे सुमारे 200 मीटरपेक्षा, जवळच्या खुणेवर मारू नये, असे त्यात म्हटले आहे.

कायद्याने बाणाच्या प्रकारापर्यंत का जावे? माझ्या मते त्यामागे एक खरी भीती आहे. हलका बाण आणि जवळची खूण घेतली की सरावाचा खेळ होतो. गुण वाढतात, पण युद्धाचा जड बाण ओढणारा खांदा तयार होत नाही. आज शिकारीच्या पात्याइतक्याच वजनाचे टोक निवडणारा माणूस आणि 1541 चा कायदा करणारे लोक एकाच गोष्टीला जपत होते. सराव सोपा असावा, पण खोटा असू नये.

त्यानंतर चारच वर्षांनी, 1545 साली, रॉजर ॲस्कम यांनी ‘टॉक्सोफिलस’ हा ग्रंथ लिहून हेन्रीला अर्पण केला. हेच ॲस्कम पुढे राजकन्या एलिझाबेथचे शिक्षक झाले. युद्धाच्या टोकांबरोबरच नेम धरण्याच्या टोकांवर त्यांनी प्रेमाने लिहिले आहे. त्यांना पसंत होते ते खांदा असलेले टोक, ज्याला चांदीच्या चमच्याच्या दांड्यावरील बोंडावरून नाव पडले होते. खांद्याचा उपयोग त्यांनी असा सांगितला की बाण पूर्ण ओढला की खांदा बोटाला लागतो. आपण रोज तेवढेच ओढतो आहोत की नाही हे कळण्यासाठी नजर बाणाकडे वळवावी लागत नाही, ती नेमावरच राहते. टोक इथे शिक्षकाचे काम करते. माझ्या वाचनात बिनधारेच्या टोकाचा याहून चांगला गौरव आलेला नाही.

त्याच वर्षीच्या जुलैत हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज बुडाले. 1982 साली ते वर काढले, तेव्हा त्याच्या अवशेषांतून साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. पण जवळजवळ सगळ्यांची लोखंडी टोके समुद्राने गंजवून खाल्ली होती. दांड्या राहिल्या, टोके गेली. जमिनीतल्या उत्खननात नेमके उलटे होते. लोखंड, तांबे, दगड राहतात, लाकूड कुजते.

या एका फरकाने इतिहास कुठे कलतो ते पाहावे. सर्वसाधारण जमिनीतून पुरातत्त्वज्ञाच्या हाती लागते ते मारणारे टोक. सरावाचे बोंड लाकडाचे असेल तर मातीत मिसळून जाते. ते टिकते फक्त अपवादाच्या ठिकाणी. डेन्मार्कमधील होल्मेगार्डच्या दलदलीतून मध्याश्मयुगातले बोथट लाकडी बाण निघाले. 1922 साली उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात चारशेहून अधिक बाण होते आणि त्यांत काही बोथट टोकांचेही होते. जिथे दलदलीने हवा अडवली किंवा वाळवंटाने ओल अडवली, तिथे तुक्का सापडतो. म्हणजे तो सगळीकडे होता असे मानायला जागा आहे. आपल्या पावसाळी मातीने त्याचा पुरावा ठेवला नाही, एवढेच.

॰

वस्तू कुजली तरी शब्द उरतो, म्हणून शेवटी मी पुन्हा शब्दांकडे वळलो, आणि इथे मला एक विचित्र साखळी सापडली.

ऑटोमन तुर्कांइतका सरावाचा शिस्तबद्ध क्रम फार थोड्यांनी आखला असेल. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांनी 1934 साली तुर्की धनुर्विद्येवर पुस्तक लिहिले, त्यातून तो जगापुढे आला. नव्या शिष्याला खरे धनुष्य देत नसत. आधी सैल, हलके धनुष्य नुसते ओढत राहायचे, बाण न लावता. मग सरकी आणि लाकडाचा भुसा भरलेल्या पिशवीवर जवळून बाण सोडायचे. मैदान त्यानंतर. त्या हलक्या सरावाच्या धनुष्याचे नाव ‘केपाझे’. आजच्या तुर्की भाषेत ‘केपाझे’ म्हणजे लाजिरवाणा, हास्यास्पद माणूस. इंग्रजीत नेम धरण्याच्या मातीच्या उंचवट्याला ‘बट’ म्हणत. आज कुणाच्या तरी विनोदाचा ‘बट’ होणे म्हणजे चेष्टेचा विषय होणे. आणि आपल्याकडे तुक्का.

तीन वेगळ्या भाषा, सरावाची तीन वेगळी साधने आणि तिन्हींना मिळालेली एकच शिक्षा. कारण कदाचित साधे असावे. सराव करणाऱ्याला लोक पाहतात ते त्याच्या चुका होत असताना. सैल धनुष्य ओढणारा मुलगा, बोथट बाण, ढिगाऱ्यात घुसलेले पन्नास चुकलेले नेम हे दृश्य गमतीचे असते. रणांगण पाहायला गेलेले लोक हसत नाहीत. भाषेने पाहणाऱ्यांची बाजू घेतली, शिकणाऱ्यांची घेतली नाही.

पण या साखळीत चौथी कडी महाराष्ट्राची आहे आणि ती वेगळी निघाली. तुर्कीतला ‘केपाझे’ आला फारसीतल्या ‘कबादा’वरून. इराणच्या तालमींत आजही कबादा आहे. लोखंडी धनुष्याला दोरीच्या जागी जड साखळी, आणि ते डोक्यावर धरून डावी-उजवीकडे झुलवायचे. याचाच एक भाऊ फारसी नावासह आपल्या तालमींत आला. बांबूचे धनुष्य, दोरीऐवजी लोखंडी साखळी, दंड आणि खांदे तयार करण्यासाठी. त्याचे नाव लेझीम. साखळीत पत्र्याच्या चकत्या आल्या, त्या तालावर वाजू लागल्या, हलगी सोबतीला आली, आणि तिरंदाजाचा व्यायाम मिरवणुकीतले नृत्य झाला. शाळेच्या मैदानावर लेझीम हातात घेतलेली मुले खाली वाकून ती उघडतात आणि मिटतात, तेव्हा त्यांचे हात धनुष्य ओढण्याचीच हालचाल करत असतात. कुणाला ते आठवत नाही, पण कुणी त्याला हसतही नाही. सरावाच्या साधनाची एका भाषेने शिवी केली, दुसरीने थट्टा केली, मराठीने मात्र त्याला गणपतीपुढे नाचवले. तुक्क्याला मराठीत न्याय मिळाला नाही खरा, पण लेझमीला मिळाला.

॰

रानात तुक्का अजून शब्दापलीकडे जिवंत होता. सातपुड्यातल्या भिल्लांचा तीर-कामठा बांबूचा, आणि त्याची दोरीही बांबूच्या चिवट कामटीची. जनावरासाठी लोखंडी फाळ, पाखरासाठी बोथट टोक, अशी निवड त्यांच्याकडे होती. कौटिल्याच्या यादीतले छेदन, भेदन आणि ताडन त्या भात्यात एकत्र राहत होते. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1991 ची त्यातली दुरुस्ती यांनी शिकारीचा रस्ता जवळपास बंद केला. वन्यजीवांच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. त्याचा एक परिणाम असा की आज भारतात सोडला जाणारा जवळजवळ प्रत्येक बाण सरावाच्या टोकाचाच आहे. फाळ भिंतीवर गेला आणि तुक्का मैदानावर राहिला.

ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. अंतिम फेरीत प्रत्येकाला पंधरा बाण असतात. पन्नास मीटरवरून दहा गुणांचे वर्तुळ असते आठ सेंटीमीटर व्यासाचे, चहाच्या कपाच्या तोंडाएवढे. अदितीने 150 पैकी 149 गुण घेतले, ओजसने पूर्ण 150. त्यांची धनुष्ये चाकांची, आधुनिक, बाण लाकडाचे नव्हेत. पण त्या बाणांच्या टोकांना पाते नव्हते, काटा नव्हता, धार नव्हती. कोशातल्या जुन्या अर्थाने पाहिले तर ते सगळे तुक्केच होते.